कत्तिरीचं ऊन आणि पायातला गोळा

परवा कत्तिरी लागली. चेन्नईत उकाडा तसा मार्चपासूनच असतो, पण मे महिन्यातल्या ज्या आठवड्यांना इथले लोक कत्तिरी म्हणतात, तो उन्हाळ्यातला उन्हाळा. कत्तिरी म्हणजे कात्री. सकाळी घराबाहेर पाऊल टाकलं की ऊन अंगावरचं कापड कातरून आत शिरल्यासारखं वाटतं. रस्त्याच्या कडेला झावळ्यांचे मांडव उभे राहतात, त्यात पाण्याचे रांजण, ताकाची पिंपं. हातगाड्यांवर ताडगोळ्यांचे ढीग. ऑफिसात सगळे एकमेकांना विचारतात, यंदा कुठल्या डोंगरावर पळायचं? आणि मी, साताऱ्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, पन्नाशी गाठलेली बाई, कत्तिरीची बातमी वाचली की आतून उसळते. तळहात शिवशिवतात. बसस्टॉपवर उभी असले तर कुणाला कळणार नाही अशा बेताने टाचा जमिनीत रोवून पाहते. मला दोन वर्षांपूर्वीची कत्तिरी आठवते. त्या उन्हाळ्यात मी लोखंड उचलायला शिकले. खरं तर पायातल्या गोळ्याला कसं घाबरू नये, ते शिकले.

सुरुवात माझ्या आईपासून झाली. साताऱ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. तिची शुश्रूषा करून परत आले तेव्हा मीही हाडं तपासून घेतली. डॉक्टरीणबाईंनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, "वजनं उचलता का कधी?" मी म्हटलं, "भाजीच्या पिशव्या." त्या हसल्या नाहीत. "हाडं विरळ व्हायला लागली आहेत. नुसतं चालून भागणार नाही. शिकवणारं माणूस बघा आणि वजनं उचला."

माझं ऑफिस एग्मोरला. तिथून दोन गल्ल्या मागे, वेष्ट्यांच्या, म्हणजे इथल्या धोतरांच्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, देवकी मास्टरचा आखाडा होता. जिम म्हणायला तिथे ना आरसे होते ना गाणी. छताला पंखे, भिंतीला लोखंड, जमिनीवर रबराच्या जाड लाद्या आणि हवेत खडूची पांढरी पूड. देवकी मास्टर तिशीतली, ठेंगणी, मांड्या खांबासारख्या. कधीकाळी राज्याकडून खेळलेली. जिना चढून गेले त्या पहिल्या संध्याकाळी समोर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. साठीच्या उंबरठ्यावरची एक गोरीपान बाई, नाकात हिऱ्याची मुगुती, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा, अंगात ढगळ टी-शर्ट, आणि हातांत जमिनीवरून उचललेला, दोन्ही बाजूंना प्लेटी लावलेला बार. तिने तो धाडकन खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव-गाव कळल्यावर चक्क मराठीत म्हणाली, "महाराष्ट्रांतून आलीस? ये, ये. आमचे लोक तिकडून आले, त्याला फार काळ जाहला. माझं मराठी तुजला कळतंय की नाही?"

ती कमलाक्का. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचं मराठी ऐकताना मला पणजीच्या पेटीतलं लुगडं उलगडल्यासारखं वाटायचं आणि मध्येच एखादा तमिळ शब्द असा यायचा की लुगड्यावर सांबार सांडलं. आम्ही जोडीदार झालो. ती उचलायची तेव्हा मी उभी, मी उचलायचे तेव्हा ती.

महिन्यांमागून महिने गेले. बार खांद्यावर घेऊन उठाबशा, बाकावर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलणं, जमिनीवरून बार उचलून उभं राहणं, या तिन्ही गोष्टी मला यायला लागल्या. त्या वयात काही नवं यायला लागणं म्हणजे काय असतं ते कसं सांगू! दंडाला हात लावला की हाताला काहीतरी लागायचं. जिना चढताना धाप लागत नव्हती. एप्रिलअखेरीस देवकी मास्टरने सांगितलं की मेच्या शेवटी राज्य पातळीवरची स्पर्धा आहे, ज्येष्ठ महिलांचा वेगळा गट आहे, आणि तुम्ही दोघी त्यात उतरताय. विचारलं नाही, सांगितलं. मी घरी आले ती नाचतच. माझा नवरा मुकुंद ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने नुकताच आला होता. त्याने डबा धुता धुता मान वर केली आणि म्हणाला, "शैला, तू? स्पर्धेत?" मग माझा चेहरा बघून नळ बंद केला. "मग मला काय काय आणून द्यायचं ते सांग."

आणि कत्तिरी लागली.

ती संध्याकाळ अशी होती की समुद्राचा वारा यायचाच विसरला होता. दिवसभर मी ऑफिसात एसीच्या गारठ्यात खुर्चीवर आखडून बसलेले. एकादशी होती, म्हणून पोटात साबुदाणा आणि चहा. कामाच्या गडबडीत पाणी राहिलंच. तशीच उन्हातून झपाझप चालत आखाड्यात पोचले आणि स्पर्धेच्या घाईत अंग नीट गरम न करताच बाकावर आडवी झाले. बार खाली आणला. वर ढकलायला पाय मागे ओढून चवड्यांवर जोर दिला, आणि उजव्या मांडीच्या मागे काहीतरी पिळलं गेलं.

पिळलं गेलं म्हणजे कसं? ओल्या चादरीला दोघांनी दोन टोकांनी पीळ द्यावा तसं. मांडीचा स्नायू दगड झाला, तिथून कळ पोटरीत उतरली, तळव्याची कमान झाली. हात बार विसरले. बार छातीवर बसला. माझ्या तोंडून फक्त "आई गं" एवढंच निघालं. देवकी मास्टरने झेप घेऊन बार उचलला, कमलाक्काने दुसरं टोक धरलं, आणि मी बाकावरून लादीवर घसरले.

"पुडिच्चुक्किच्चा?" देवकी मास्टरने विचारलं. पकडलं का, असं. पायाला कुणीतरी पकडलंय, हे अगदी खरं होतं. आमच्याकडे वांब आला म्हणतात, गोळा आला म्हणतात. त्या क्षणी मला तमिळ शब्दच पटला.

"पाय हालवूं नको, मी धरत्ये," कमलाक्का म्हणाली. तिने माझा गुडघा हळूहळू सरळ केला, चवडा माझ्याकडे वळवून धरला आणि तसाच धरून ठेवला. हिसका नाही, घाई नाही. "श्वास सोड. अगे, सोड ना. फुग्यासारखा कोंडून काय ठेवलीस?" मी श्वास सोडला. दगडाची माती होऊ लागली. मग तिने अंगठ्याने मांडी चोळायला घेतली आणि मला रडू फुटलं. दुखत होतं म्हणून नव्हे. छातीवरचा तो बार मला आत्ता जाणवायला लागला होता.

त्यानंतर बाकावर झोपलं की भीती आधी झोपायची आणि मी नंतर. उठाबशा होत होत्या, जमिनीवरून उचलणं होत होतं. बाकावर मात्र बार खाली आला की माझं सगळं लक्ष उजव्या मांडीकडे. आता येणार, आता पकडणार. आणि यायचाच. कधी लहान, कधी मोठा, पण गोळा यायचाच.

इकडे घरात वेगळाच उत्साह. मुकुंदने कुठेतरी वाचलं की गोळ्यावर केळं. तो पूवन केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आला. आमच्या घरात त्या आठवड्यात केळ्याची कोशिंबीर, केळ्याचं शिकरण, केळ्याची भजी. शेजारपाजारही केळी खाऊन दमला. गोळा यायचा थांबेना. मग मी ऑफिसात बाटल्यांमागून बाटल्या नुसतं पाणी प्यायला लागले. सारखं उठून जावं लागायचं, पोट डबडबायचं आणि डोकं जड व्हायचं. गोळा आपला जागच्या जागी.

शेवटी एका सकाळी, आखाडा रिकामा असताना, देवकी मास्टरने मला लादीवर समोर बसवलं.

"मॅडम, तुम्ही एक कारण शोधताय. एकच नसतं. त्या दिवशी तुम्ही उपाशी होता. पाणी नाही. बसून बसून आखडलेल्या. अंग गार, आणि मागच्या आठवड्यापेक्षा वजन एकदम वाढवलेलं. वर हा उकाडा. मग स्नायू थकला आणि भांडला. त्यात त्याची काय चूक?"

"पण आता तर मी पाणी पिते, केळी खाते."

"घामात मीठही जातं ना? नुसतं पाणी ओतून काय होणार? आणि पाय दाखवा. असे मागे ओढून चवड्यावर उभे करता. पोटरी आधीच आवळलेली, मांडी आवळलेली, त्यात जोर. टाचा खाली टेकवा. पाय थोडे पुढे, थोडे रुंद."

मी बाकावर पडले. टाचा टेकवल्या. नुसती लाकडी काठी हातात घेऊन ढकलली. मांडीत काही हललं नाही. किती दिवसांनी काही हललं नाही! मी तशीच पडल्या पडल्या हसायला लागले आणि देवकी मास्टर म्हणाली, "हसू नका, पोट सैल पडतं."

तिथून ती कत्तिरी माझी झाली. सगळी इंद्रियं जागी झाल्यासारखे ते दिवस होते. सकाळी उठल्याबरोबर पाण्याचा पेला, खिडकीतून आधीच पांढरं पडत चाललेलं आकाश. ऑफिसात दर थोड्या वेळाने खुर्चीतून उठून टाचा वर-खाली. माझे साहेब फायलीवरून चष्म्याआडून बघायचे आणि मी त्यांना मान लवून हसायचे. दुपारच्या डब्यात दहीभात, संध्याकाळी आखाड्यात जाण्याआधी इडली नाहीतर एखादं केळं. केळ्याशी माझं वैर नव्हतं, नुसत्या केळ्यावर भरवसा नव्हता. मांडवातलं ताक पुढे केलं जायचं, आलं-कढीलिंब-हिंग घातलेलं, खडेमिठाने खारट. ते पहिल्या घोटाला टाळूला लागायचं आणि पोटऱ्यांपर्यंत पोचल्यासारखं वाटायचं. कमलाक्काला रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ आवरायला सांगितलेलं, ती घरून अळणी ताक आणायची आणि माझ्या पेल्याकडे बघून म्हणायची, "माझ्या वांट्याचंही तूंच पी." प्रत्येक शरीराचं आपलं वेगळं म्हणणं असतं. मी इतकी वर्षं एका शरीरात राहिले आणि त्याचं म्हणणं कधी विचारलं नव्हतं. त्याला जेवायला घातलं, कपडे घातले, ऑफिसात नेऊन बसवलं, दुखलं तर गोळी दिली. पण तुला आत्ता तहान लागली आहे का, तुला दम हवा आहे का, असं विचारायला मला पन्नाशी गाठावी लागली.

दमाचंही तसंच. पूर्वी मी एक उचल झाली की लगेच दुसरीला धावायचे, जणू बस सुटते आहे. आता मध्ये बसायचे, चवडे हलवायचे, खिडकीतून खालच्या गल्लीतला ताडगोळेवाला एका फटक्यात फळ कसं सोलतो ते बघायचे. रिकाम्या बारपासून सुरुवात करून एकेक छोटी प्लेट चढवत जायचं. अंग आतून तापत जातं, सांध्यांत तेल उतरल्यासारखं होतं, आणि मग खरं वजन हाती येतं तेव्हा ते परकं वाटत नाही. वारा यायचा. संध्याकाळी समुद्राकडून एकदम गार झुळूक जिन्यातून वर चढायची, खडूची पूड गोल फिरायची, कमलाक्काचा गजरा दरवळायचा, आणि आम्ही सगळ्या बायका लोखंड टाकून एकसुरात "आहाऽऽ" करायचो.

गोळा मात्र पुरता गेला होता असं नाही. अधूनमधून मांडीत एक बारीक चुळबुळ व्हायची. पूर्वी मी त्या चुळबुळीला घाबरायचे. आता तिचं ऐकायला शिकले. चुळबूळ झाली की बार ठेवायचा, पाय लांबवायचा, घोटभर ताक, थोडं चालणं.

स्पर्धा शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला, एका शाळेच्या सभागृहात होती. मुकुंदने रजा टाकली होती. आम्हाला सकाळची वेळ दिली होती आणि दुपार झाली तरी आमचा गट पुकारला जात नव्हता. वर पत्रा. पंखे गरम हवा ढवळत होते. बायका सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या, पाय मुडपून झोपल्या होत्या. आम्ही दोघी मात्र व्हरांड्यातून फेऱ्या मारत होतो. मध्येच घोटभर पाणी, मूठभर भात, पुन्हा फेरी.

उठाबशा छान झाल्या. मग बाक.

या खेळात प्रत्येक प्रकाराच्या तीन संधी असतात. तिन्ही चुकल्या की स्पर्धेतूनच बाहेर. आधीचं केलेलं सगळं पाण्यात. माझं नाव पुकारलं, मी आडवी झाले, टाचा टेकवल्या, बार खाली आणला, आणि पंचाने ढकलण्याची खूण करण्याआधीच घाबरून ढकलून मोकळी झाले. तीन लाल दिवे. दुसऱ्या वेळी खूण ऐकली, पण बार छातीवर असताना उजव्या मांडीत ती ओळखीची चुळबूळ झाली. माझे हात ढिले पडले. मदतनीस बायकांनी बार उचलला. पुन्हा लाल.

मी पडद्यामागे आले. कमलाक्का आणि देवकी मास्टर धावत आल्या.

"आला गोळा?"

"नाही. येणार होता."

"येणार होता, आला नाही ना?" देवकी मास्टरने माझे खांदे धरले. "मग तो पायात नव्हता, मॅडम. बसा. पाय लांब करा."

मी पाय लांब केला. कमलाक्काने चवडा माझ्याकडे वळवून धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसाच. समोरच्या खिडकीतून उन्हाने पांढरं झालेलं मैदान दिसत होतं. मी मांडीवर हात ठेवला. मऊ होती. उबदार होती. चाचपून चाचपून बघितली, कुठेही दगड नव्हता. मी ताकाचा घोट घेतला, मग अजून एक. मांडी माझ्या बाजूने होती! इतके दिवस मी तिची समजूत घालत होते आणि ती केव्हाचीच समजली होती. हसू यायला लागलं.

"काय गे, हसतेस कां?" कमलाक्काने विचारलं.

"अक्का, मी उचलणार."

"उचल की मग. मी काय नको म्हणत्ये?"

तिसरी संधी. बाक माझ्याआधीच्या बाईच्या घामाने ओला होता, कुणीतरी पुसला. टाचा रोवल्या. श्वास घेतला. बार हातात आला, खाली उतरला, छातीला टेकला. थांबले. सभागृहात पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. खूण झाली. मी ढकललं. अर्ध्या वाटेवर बार अडला, आणि त्या अडलेल्या जागी मला कुणीतरी मागून ओरडताना ऐकू आलं, "तूक्कुंगम्माऽ! तूक्कुंगऽ!" म्हणजे उचला हो बाई, उचला, आणि त्या सगळ्या तमिळ कल्लोळात एकच मराठी आवाज, मुकुंदचा, कारखान्यात यंत्रांवरून हाक मारताना येतो तसला, "शैलाऽऽ, ढकल!" टाचांतून जोर निघाला, मांड्यांतून गेला, पाठीतून गेला, आणि बार वर गेला. कोपरं ताठ झाली. पांढरा दिवा. पांढरा. पांढरा.

मी उठून उभी राहिले ती धावलेच. कुणाकुणाला मिठ्या मारल्या आठवत नाही. एका पंचाला मारली नसेन अशी आशा आहे.

जमिनीवरून उचलणंही पार पडलं. शेवटी आमच्या गटात वेल्लूरहून आलेली एक पोलीस हवालदार बाई पहिली आली. फार दणदणीत बाई. कमलाक्का दुसरी, मी तिसरी. तिघींना लाकडी पायऱ्यांवर उभं केलं. फोटो काढणारा चवड्यांवर उभं राहा, चेहरे वर करा, असं सांगत होता. कमलाक्का शेवटच्या उचलीनंतर इतकी हरखली होती की तासभर तिने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. प्रत्येकीला माझा पराक्रम सांगत हिंडत होती. ती चवड्यांवर उभी राहिली, हात वर केला, आणि "अय्यय्यो!" करून तिथेच बसली.

"पोटरी, शैला, पोटरी! धरलं गे!"

मी पायरीवरून उडी मारली. हवालदार बाई सुवर्णपदक गळ्यात तसंच लटकतं ठेवून खाली बसल्या आणि त्यांनी अक्काचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी चवडा धरून तिच्याकडे वळवला.

"हळू. हिसका नाही," मी हवालदार बाईंना तमिळमध्ये सांगितलं, आणि अक्काला मराठीत, "श्वास सोड, अक्का. कोंडून नको ठेवूस."

"सोडत्ये की," अक्का दात-ओठ खात म्हणाली. डोळ्यांत पाणी, गजरा कानावर आलेला, गळ्यात रुपेरी पदक. "तूं आधी हसायचं थांबव."

पण थांबणार कोण? हवालदार बाई खदखदत होत्या, मी खदखदत होते. हळूहळू माझ्या हाताखाली तिची पोटरी सैल पडत गेली, आणि मग तीही हसायला लागली, इतकी की पायरी हलली. फोटो काढणारा कंटाळून म्हणाला, "आता तरी उभ्या राहा."

"नको," कमलाक्का म्हणाली. "असाच काढ."